वाचक विचारतात : सरावात संघ हरला, आता हंगामाचं काय?

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे सराव सामने फेब्रुवारीत होतात आणि खरा हंगाम मार्चच्या सुमारास उघडतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं शिकायला, नोकरीला मेलबर्न, पर्थ, ॲडलेडला गेली आणि त्यांच्या पाठोपाठ हा खेळ इकडच्या घरांत आला. मागच्या अंकात या खेळाबद्दलच्या शंका मागवल्या होत्या. निम्म्याहून अधिक पत्रं एकाच दुखण्याची निघाली. त्यातली सात इथे घेतली आहेत.

प्रश्न : लेक-जावई मेलबर्नला असतात. जावईबापूंनी तिथल्या एका क्लबचं सभासदत्व घेतलंय. परवा त्यांचा संघ सरावाच्या सामन्यात ६२ गुणांनी हरला, तर त्या रात्री ते जेवले नाहीत म्हणे. ६२ म्हणजे खूप का? आणि सरावाचाच सामना होता तर एवढं मनाला लावून घ्यायचं कशाला की?
(शहापूर, बेळगाव)

उत्तर : ६२ गुणांची हार मोठीच. या खेळात मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार दांड्या असतात. मधल्या दोन उंच दांड्यांतून चेंडू थेट लाथेनं गेला तर गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला, उंच दांडीला लागला किंवा वाटेत कुणाचा हात लागून गेला तर बिहाइंड, त्याचा एकच गुण. धावफलकावर १२.९ (८१) असं दिसलं की बारा गोल, नऊ बिहाइंड, एकूण ८१ असं वाचायचं. चांगला संघ एका सामन्यात साधारण ८० च्या आसपास गुण करतो. म्हणजे ६२ चा फरक दहा गोलांहून जास्त झाला. जावईबापूंना घास गोड लागला नाही, यात नवल नाही.

मात्र या निकालाचा गुणतक्त्याशी काही संबंध नाही. खऱ्या हंगामात विजयाला चार गुण, बरोबरीला दोन. सरावाच्या सामन्याला शून्य. आणि सरावाच्या निकालावरून हंगामाचं भाकीत करणाऱ्यांची फजिती झाल्याचे दाखले भरपूर आहेत. १९८८ ते २०१३ पर्यंत हंगामापूर्वी रीतसर चषक खेळवला जाई. २००५ चा चषक कार्ल्टननं जिंकला आणि त्याच वर्षी खऱ्या हंगामात सोळा संघांत कार्ल्टन सोळावा आला. तळाच्या या जागेला तिकडे ‘लाकडी चमचा’ म्हणतात. २००६ चा चषक जीलाँगचा, पण हंगामात जागा दहावी. पुढच्याच वर्षी त्याच जीलाँगनं अंतिम सामना ११९ गुणांनी जिंकला. अंतिम सामन्यातला तो आजवरचा सर्वांत मोठा फरक. २०१३ चा शेवटचा चषक ब्रिस्बेननं नेला आणि हंगामात बारावा राहिला.

दुसरी बाजूही आहे. एसेंडननं १९९३ आणि २००० साली, जीलाँगनं २००९ साली चषक आणि विजेतेपद दोन्ही घेतलं. २००० च्या हंगामात तर एसेंडन एकच सामना हरला. तेव्हा हंगामापूर्वीचा निकाल उलटाच लागतो असंही नाही. निकालाच्या आकड्यातून काहीच कळत नाही. कळतं ते त्या आकड्याच्या आत काय घडलं यातून. पुढच्या पत्राला त्यासाठीच सविस्तर उत्तर दिलं आहे, ते जावईबापूंना जरूर पाठवा.

प्रश्न : मी टिळकवाडीत शाळेच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉल फोनवर बघायला लागून दोन वर्षं झाली. सराव सामन्यात संघ हरला तर प्रशिक्षक ‘आम्हांला हवं ते मिळालं’ म्हणतात आणि पाठीराखे ‘सगळं संपलं’ म्हणतात. दोघांपैकी कोण खरं, हे स्वतः बघून ठरवायचं तर नेमकं काय बघावं?
(टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : वही आणि पेन घेऊन बसा. सामना सुरू होण्याआधी पहिलं काम, संघाची यादी. खऱ्या सामन्यात १८ जण मैदानात आणि मोजकेच बाकावर असतात. सरावात बाकावर जास्त खेळाडू ठेवायची मुभा असते. मागच्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यातले किती जण आज आहेत, ते मोजा. त्यातही मधल्या फळीतले तीन-चार मुख्य खेळाडू आणि पुढचा उंच खेळाडू आहे की नाही, हे वेगळं लिहा. हे चार-पाच जण नसतील तर गुणफलकाला अर्थ उरत नाही. असतील आणि तरीही मार बसला, तर मात्र कान टवकारावेत.

दुसरं, क्वार्टरनुसार गुण लिहा. एक क्वार्टर २० मिनिटांचा, पण चेंडू थांबला की घड्याळ थांबतं, म्हणून प्रत्यक्षात तीस मिनिटांच्या आसपास जातो. सरावात पहिल्या दोन क्वार्टरमध्ये बहुधा मुख्य खेळाडू असतात आणि नंतर नवी पोरं येतात. अख्ख्या सामन्यात पन्नास गुणांची हार, पण अर्ध्या वेळेला फक्त सहाचा फरक, असं असेल तर ती हार नव्या पोरांच्या अननुभवाची. पहिल्याच क्वार्टरमध्ये सहा गोल खाल्ले असतील तर ती मुख्य संघाची.

तिसरं, फटके मोजा. समजा आपला संघ ७.१४ (५६) आणि समोरचा १६.५ (१०१). फरक ४५ गुणांचा. पण ७ अधिक १४ म्हणजे २१, आणि १६ अधिक ५ म्हणजेही २१. दोघांनी सारख्याच वेळा नेम धरला, फक्त आपला चुकला. नेम चुकणं हे फेब्रुवारीतलं सर्वांत कमी काळजीचं दुखणं. एवढं मात्र बघायचं की आपले फटके कुठून मारले. गोलासमोर तीस मीटरवरून चुकले तर सरावानं सुधारतील. सगळे सीमारेषेजवळच्या चिंचोळ्या कोनातून मारावे लागले असतील, तर समोरच्यांनी आपल्याला कडेला ढकललं, हे खरं कारण. चुकलेल्या नेमाच्या आड ही गोष्ट लपते आणि प्रशिक्षकही कधी कधी तिच्याआडच लपतात.

चौथं आणि सगळ्यांत महत्त्वाचं : समोरच्यांचा प्रत्येक गोल कुठून जन्मला, ते एका शब्दात लिहा. तीन रकाने करा. मध्यातून, कोंडाळ्यातून, हिसकावून. ‘कोंडाळ्यातून’ म्हणजे घोळक्यात चेंडू अडकून खेळ थांबतो आणि पंच तो पुन्हा खेळात टाकतात तिथून. ‘मध्यातून’ म्हणजे गोल झाल्यावर चेंडू मधल्या चौकोनात पुन्हा खेळात येतो तिथून. २०१९ पासून त्या क्षणी दोन्ही संघांनी पुढच्या टोकाला सहा, मागच्या टोकाला सहा आणि मध्ये सहा असेच खेळाडू ठेवायचे असा नियम आहे. त्यामुळे मागे गर्दी करून बचाव करता येत नाही. मध्यात तीनदा लागोपाठ चेंडू गमावला की चार-पाच मिनिटांत १८ गुण जातात. पण मध्यात चेंडूसाठी उडी घेणारा मुख्य उंच खेळाडू, ज्याला रकमन म्हणतात, तो नसेल तर हे होणारच. तो परतला की दुरुस्त होतं.

‘हिसकावून’ या रकान्यात खुणा जास्त पडल्या तर मात्र काळजी करावी. या खेळात निम्म्याहून अधिक गुण समोरच्याकडून चेंडू मधेच हिसकावून घेतल्यावर होतात. कारण आपला संघ पुढे सरकत असताना बचावाचे खेळाडूही वर चढलेले असतात, मागे रान मोकळं असतं. प्रशिक्षकानं नवी चाल बसवायला घेतली असेल, म्हणजे लांब लाथ मारण्याऐवजी मैदानाच्या मधून झटपट छोटे पास, तर पहिले दोन-तीन सामने हा त्रास होतोच. धावणारा आपल्या जागी दोन सेकंद उशिरा पोचतो आणि पास समोरच्याच्या हातात पडतो. ही चूक शिकताना होणारी. पण तोच संघ तीच जुनी चाल खेळतोय, सगळे अनुभवी आहेत आणि तरी चेंडू गमावल्यावर माघारी धावणारे दोनच जण दिसतात, तर ती पायांची किंवा मनाची गोष्ट आहे. मार्चमध्येही ती तशीच दिसणार. पडद्यावर चेंडूच्या मागे जाऊ नका. चेंडू गेल्यावर कॅमेरा मागे सरकतो, तेव्हा माघारी वळलेली डोकी मोजा.

वाऱ्याकडेही लक्ष असू द्या. सराव सामने बरेचदा मोठ्या स्टेडियमऐवजी क्लबच्या सरावाच्या उघड्या मैदानावर किंवा लहान गावी होतात. आषाढात आपल्या वॅक्सिन डेपोच्या मैदानावर पश्चिमेकडचा वारा चेंडू कसा वळवतो, हे तुम्हांला सांगायला नको. दर क्वार्टरला टोकं बदलतात. दोन्ही संघांचे बहुतेक गोल एकाच टोकाला झाले असतील, तर वाऱ्याचा वाटा वजा करूनच मत बनवा.

आणि प्रशिक्षकाचं ‘हवं ते मिळालं’ हे वाक्य खोटं नसतं, अपुरं असतं. त्यांना कोणता खेळाडू कोणत्या जागी चालतो ते बघायचं असतं. मागे खेळणाऱ्याला मधे टाकून बघतात, तो तिथे बुडतो, सामना जातो, पण प्रश्नाचं उत्तर मिळतं. क्लबच्या यादीत जागा रिकामी असेल तर चाचणीवर बोलावलेली पोरंही याच सामन्यांत पारखली जातात.

प्रश्न : अर्ध्या वेळेपर्यंत आमचा संघ पुढे होता. मग प्रशिक्षकांनी तीन बिनीचे खेळाडू बाहेर बसवले ते पुन्हा आत आलेच नाहीत, आणि हातातला सामना घालवला. असं कोण करतं?
(खानापूर)

उत्तर : जवळजवळ सगळेच करतात आणि बरोबर करतात. मेलबर्नमध्ये फेब्रुवारी म्हणजे उन्हाळ्याचा शेवट, पारा तिशीच्या वर सहज जातो. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात १२ ते १५ किलोमीटर पळतो, त्यात थांबून-सुटून मारलेल्या धावा असंख्य. सुट्टीनंतर शरीर एकदम एवढा भार घेत नाही. म्हणून कुणी किती मिनिटं खेळायचं, हे सामन्याआधीच ठरलेलं असतं. पाठीवर दोन खांद्यांच्या मधे शर्टाखाली छोटं यंत्र असतं, ते पळालेलं अंतर आणि वेग नोंदतं. ठरलेला आकडा भरला की खेळाडू बाहेर, मग फलकावर काहीही असो.

या खेळात सर्वांत जास्त होणारी दुखापत मांडीच्या मागच्या स्नायूची. थकलेल्या पायानं पूर्ण वेगात पळताना किंवा लाथ मारताना तो स्नायू ओढला जातो, आणि साधारण तीन-चार आठवडे जातात. गुडघ्यातला पुढचा बंध (एसीएल) तुटला तर जवळपास वर्षभर. डोक्याला मार लागून भोवळ आल्याचं निदान झालं तर नियमानंच किमान बारा दिवस खेळता येत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी डोक्याला लागलं तर हंगामाचा पहिला सामना गेलाच समजा.

त्यामुळे सराव सामन्यानंतर गुणफलकाच्या आधी जखमींची यादी वाचायची. सराव सामन्यात खरंखुरं नुकसान एकच, माणूस मोडणं. तुमचे तिन्ही बिनीचे खेळाडू धडधाकट बाहेर बसले होते. सामना गेला, ते तिघं राहिले. आम्हांला हा सौदा शंभरदा मान्य आहे.

प्रश्न : कोल्हापूरच्या पेठांचा फुटबॉल आम्ही लहानपणापासून बघतो. पण ऑस्ट्रेलियातले पाठीराखे सरावाच्या हारीवर जे काही लिहितात ते वाचून चक्रावलो. प्रशिक्षकाला काढा, अध्यक्षाला काढा, याला विका. एवढा राग रास्त आहे का?
(निपाणी)

उत्तर : पाटाकडील, खंडोबा, दिलबहार यांच्यासाठी शाहू स्टेडियमवर घसा बसवणाऱ्या माणसाला हा राग परका वाटायचं कारण नाही. तिथेही क्लब मुळात एकेका उपनगराचे आहेत. कॉलिंगवूड, रिचमंड, कार्ल्टन, एसेंडन ही आधी वस्त्यांची नावं, मग संघांची. आजोबांचा संघ तोच नातवाचा. शिवाय तिकडचा पाठीराखा वर्षाची वर्गणी भरून सभासद होतो आणि बऱ्याच क्लबांत संचालक निवडायला त्याला मतही असतं. रिचमंडनं २०१८ मध्ये एक लाख सभासदांचा आकडा सर्वांत आधी ओलांडला. एवढ्या लोकांनी पदरचे पैसे घातलेत, ते बोलणारच.

रागाच्या तळाशी भीती असते. मेलबर्न क्लबनं १९६४ साली विजेतेपद मिळवलं, पुढचं मिळालं थेट २०२१ मध्ये. सत्तावन्न वर्षं. वेस्टर्न बुलडॉग्ज १९५४ नंतर २०१६ मध्ये. रिचमंड १९८० नंतर २०१७ मध्ये, आणि त्याच्या आदल्याच वर्षी ते तेरावे होते. सेंट किल्डानं आजवर एकच विजेतेपद पाहिलंय, १९६६ चं, तेही एका गुणानं. अशा घरात वाढलेल्या माणसाला फेब्रुवारीत वाईट चिन्ह दिसलं की पोटात गोळा येतो. त्याला अडाणी म्हणणं अन्यायाचं आहे. त्यानं हे चित्र आधी खूपदा पाहिलेलं असतं आणि पुष्कळदा त्याची भीती खरी ठरलेली असते.

पण राग कशावर काढायचा, इथे बहुतेकांचं चुकतं. पहिला सामना खेळणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या नावानं रात्री अकरा वाजता जे लिहिलं जातं, ते तो पोरगा वाचतो. तो त्या दिवशी शिकायला उतरला होता. त्याला झोडपणं आम्हांला अजिबात पटत नाही. झोडपायचंच तर ज्यांच्या हाती पाच-सात वर्षं कारभार आहे त्यांना ठोस प्रश्न विचारावेत. मागच्या हंगामात जी खोट होती, ती भरायला कुणाला आणलं? मधली फळी म्हातारी होतेय, तिच्या मागे कोण उभा आहे? तीच चूक तिसऱ्या वर्षी का दिसतेय? या प्रश्नांना सरावाचा सामना हा चांगला पुरावा असतो, कारण तिथे बदलीचे खेळाडू उघडे पडतात आणि क्लबच्या राखीव फळीत किती दम आहे ते कळतं.

आणि ‘सगळं संपलं’ म्हणणाऱ्यांसाठी २०२४ चं ब्रिस्बेन. त्यांनी सरावाचे नव्हे, खऱ्या हंगामाचे पहिले तिन्ही सामने गमावले. सप्टेंबरमध्ये अंतिम सामना साठ गुणांनी जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा विजेते तेच.

प्रश्न : सामने आपल्याकडे किती वाजता लागतात? दरवेळी चुकामूक होते.
(संकेश्वर)

उत्तर : एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत मेलबर्न आपल्यापुढे साडेपाच तास, त्यानंतर साडेचार. म्हणून तिकडचा संध्याकाळी साडेसातचा सामना मार्चमध्ये आपल्याकडे दुपारी दोनला आणि मेमध्ये तीनला. पर्थ बारमाही अडीच तास पुढे, ब्रिस्बेन बारमाही साडेचार. वेळ मैदानाच्या गावावरून मोजा, संघाच्या गावावरून नको. चुकामूक तिथेच होते.

प्रश्न : चुलतभावानं तिकडचा लांबोळका चेंडू आणलाय. गावातली पंधरा-वीस पोरं तयार आहेत. मैदान कसं आखायचं, लाथ कशी मारायची? आमचा चेंडू कुठल्या कुठे जातो.
(कडोली)

उत्तर : पूर्ण मैदान १३५ ते १८५ मीटर लांब आणि ११० ते १५५ मीटर रुंद, अंडाकृती. एवढी जागा गावात मिळणं अवघड, आणि भातकापणीनंतर शिवारात मसूर उभा असतो, तेव्हा शेतात शिरू नका. शाळेच्या क्रिकेटच्या मैदानावर शंभर मीटर लांबी मिळाली तरी नऊ-नऊ जणांचा खेळ छान होतो. दांड्यांसाठी प्रत्येक टोकाला चार कळक. एकमेकांतलं अंतर ६.४ मीटर, म्हणजे एकवीस फूट. मधले दोन किमान सहा मीटर उंच, कडेचे दोन तीन मीटर. कळक दोन फूट तरी पुरा आणि बुडाशी दगड ठोका, वाऱ्यानं झुकलेल्या दांडीवरून भांडणं होतात. फक्कीनं सीमारेषा आखा.

चेंडूत हवा ९ ते ११ पीएसआय. सायकलच्या पंपाला सुई लावून भरता येते, फक्त सुई आधी ओली करा, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो. दगडासारखा टणक चेंडू पायाला लागतो आणि पकडताना बोटं मोडतो. चामड्याचा असेल तर तांबड्या मुरमाड जमिनीवर महिन्याभरात त्याची साल जाईल. गवतावरच वापरा, भिजला तर सावलीत वाळवा.

आता लाथ. तिकडे जिला ड्रॉप पंट म्हणतात ती आधी शिका, बाकीच्या विसरा. चेंडू उभा धरा, टोक वर, टोक खाली, बांधणीची दोरी आपल्यापासून पलीकडे. बोटं दोन्ही बाजूंनी पसरलेली. उजव्या पायानं मारणाऱ्यानं डावा हात आधी सोडायचा आणि उजव्या हातानं चेंडू पायाच्या दिशेनं खाली न्यायचा. तो सोडायचा, फेकायचा नाही. तुमचा चेंडू कुठल्या कुठे जातो त्याचं कारण नव्वद टक्के इथेच असणार. क्रिकेटच्या सवयीनं पोरं चेंडू वर उडवतात, हवेत तो आडवा होतो आणि पायाच्या कडेला लागून सुटतो. चेंडू खाली येताना उभाच राहायला हवा. पायाचं बोट ताणून पुढे रोखलेलं, चेंडूचं खालचं टोक पावलाच्या वरच्या टणक भागावर, जिथे बुटाची लेस असते तिथे. बरोबर बसली तर चेंडू उलटा, आपल्याकडे फिरत जातो आणि हवेत डगमगत नाही. घेणाऱ्यालाही पकडायला सोपा.

सुरुवात दोघादोघांत दहा पावलांवर, प्रत्येकी तीस लाथा, सगळ्या छातीच्या उंचीवर. वीस पावलांवर सरळ जायला लागल्यावरच दांड्यांवर नेम. लाथेचा चेंडू किमान १५ मीटर येऊन कुणी झेलला तर तो मार्क, त्याला मोकळी लाथ मिळते. चेंडू हातात घेऊन पळायचं तर दर १५ मीटरला एकदा जमिनीवर टेकवायचा. हातानं फेकायचा नाही, एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसायचा. आपल्या कडक जमिनीवर धरून पाडणं बंद ठेवा, दोन्ही हातांचा स्पर्श झाला की चेंडू सोडायचा असा नियम करा.

एक मजेची गोष्ट पोरांना सांगा. १८५८ साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूनं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं होतं की हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगं ढिली पडू नयेत म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्या मे महिन्यात मेलबर्न क्लबनं या खेळाचे नियम लिहून काढले. म्हणजे हा खेळच मुळात दुसऱ्या खेळाच्या तयारीपोटी आकाराला आला.

प्रश्न : माझा मुलगा मेलबर्नला एकटाच असतो. संघ हरला की दोन-दोन दिवस फोनवर ‘हूं, हूं’ करतो. सरावात हरले तेव्हा मी म्हटलं, ‘अरे, सरावच तर होता,’ तर फोनच ठेवला. काय बोलावं त्याच्याशी?
(वडगाव, बेळगाव)

उत्तर : मावशी, ‘सरावच तर होता’ हे वाक्य त्याला ऑफिसात, बसमध्ये दहा जणांनी ऐकवलेलं असणार. परक्या गावात त्याला मिळालेला पहिला आपला घोळका म्हणजे तो संघ आहे. त्याचं दुःख खोडू नका, त्याला सामन्याबद्दल बोलतं करा. पहिला प्रश्न, ‘कोण कोण जखमी झालं रे?’ याचं उत्तर ‘कुणी नाही’ आलं तर त्याचा आवाज तिथेच थोडा मोकळा होईल. मग विचारा, ‘अर्ध्या वेळेला किती होते?’ नंतर, ‘नवीन पोरांतलं कोण बरं खेळलं?’ सगळ्यात वाईट हारीतही एखादा पोरगा चमकलेला असतोच आणि पाठीराखा त्याच्याबद्दल अर्धा तास बोलू शकतो. नाव लिहून ठेवा आणि पुढच्या आठवड्यात त्या पोराची नावानं चौकशी करा.

शनिवारी रात्री फोन नको. रविवारी सकाळी आठला करा, एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत तिकडे तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असतो आणि तो जेवत असतो.